विचारायचं राहिलेलं कारण

प्रकाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला एका मसालेवाल्यांच्या पेढीवर बसले होते आणि त्यांचे थोरले चिरंजीव मला सांगत होते, की वेबसाइटवरच्या हळदीचा पिवळा रंग त्यांच्या हळदीसारखा दिसत नाही. फोन दहिसरहून होता, प्रकाशच्या शेजारच्या सावंतवहिनींचा. "मेधाताई, प्रकाशभाऊ गेले. सकाळी. तुम्ही येताय ना?" एवढंच त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि फोन पर्समध्ये ठेवला. माझा चेहरा बघून चिरंजीवांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण हळद काही त्यांच्या मनातून गेली नव्हती. "एकच छोटासा चेंज आहे मॅडम," ते म्हणाले. आणि मी काय करावं? वही उघडली, तारीख घातली, मागणाऱ्याचं नाव लिहिलं, मागणी लिहिली आणि त्यांना विचारलंसुद्धा, की हा बदल का हवाय. त्यांनी जे काय कारण सांगितलं ते मी नीट लिहून घेतलं. मग जिना उतरले आणि रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

त्याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात मला सगळ्यात जास्त छळलं ते त्याच्या जाण्याने नव्हे, त्या वहीतल्या एका मोकळ्या रकान्याने. हे लिहायला बसले तेही त्यामुळेच.

प्रकाश घाडी हे नाव तुमच्यापैकी कोणी ऐकलं असण्याचं कारण नाही. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस आहे. खाली खोके बनतात, वर आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. मी मुलुंडची, चित्रकला शिकून आलेली. साइट कशी दिसेल ते माझ्याकडे. तिच्यात काय असेल आणि मुख्य म्हणजे काय नसेल, ते प्रकाशकडे. आम्ही अंधेरीतल्या एका कंपनीत शेजारी शेजारी बसायचो. तिथे गिऱ्हाइकांच्या मागण्यांनी एकेक काम वर्ष वर्ष रेंगाळायचं, वरिष्ठ मंडळी एकमेकांवर ओरडायची आणि हा गृहस्थ आपला शांतपणे कागदावर काहीतरी लिहीत बसलेला असायचा. एकदा मी डोकावून पाहिलं, तर कोणी, कधी, काय मागितलं त्याची यादी होती. कंपनीत कोणी ती मागितली नव्हती. मी त्याला म्हटलं, तू फुकट कारकुनी करतोयस. तो म्हणाला, "कारकुनी नाय गं. प्रूफ तपासतोय."

कारण त्याची पहिली नोकरी छापखान्यातली. गिरणी बंद पडल्यावर वडील गावाला परतले आणि तिथेच वारले. मोठ्या बहिणीने, आक्काने, याला मुंबईत ठेवून शिकवलं. ती मरोळलाच एका औषधाच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची, आणि हा कॉलेज सांभाळून लग्नपत्रिकांची प्रुफं वाचायचा. तिथली रीत त्याने कायमची उचलली. पत्रिकेचं प्रूफ घरी जायचं, मुलीचा बाप ते वाचून खाली 'छापायला हरकत नाही' असं लिहून सही करायचा आणि त्यानंतर मामाचं नाव राहिलं असलं तर ते त्या बापाचं नशीब. प्रकाश म्हणायचा, कागदावर शाई वाळली की माणूस गप्प बसतो. वेबसाइट कधीच छापून होत नाही, ती सगळ्यांना कायम ओलीच वाटते, म्हणून प्रत्येकाला तिच्यात बोट घालावंसं वाटतं. आमचं स्वतःचं ऑफिस झाल्यावर त्याने पहिल्या दिवसापासून ती छापखान्याची रीत लावली. काम सुरू होण्याआधी सगळी यादी कागदावर, मराठीत किंवा गिऱ्हाइकाच्या भाषेत, आणि खाली पेनाने 'हरकत नाही'. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर हसायचे. सही मात्र करायचे.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बदलासाठी बदलवही. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, उभ्या रकान्यांची. तारीख, कोण मागतंय, काय मागतंय, का मागतंय आणि उत्तर. 'का'चा रकाना सगळ्यात रुंद आखलेला असायचा. बाहेरच्या लोकांना वाटायचं, हा वही काढतो म्हणजे नकार द्यायला काढतो. तसं नव्हतं. कारण समजल्याशिवाय तो हो म्हणत नसे आणि नाहीही म्हणत नसे. या धंद्यातली भांडणं पैशांची नसतात असं त्याचं मत होतं, ती आठवणीची असतात. त्यांना आठवतं, की आपण हे पहिल्यापासून सांगत होतो. आपल्याला आठवतं, की ते काल पहिल्यांदा बोलले. दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांनाही दुसरा लबाड वाटतो.

मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगते. साइट अर्धी झाली होती, आणि एके दिवशी ते म्हणाले, की पेशंटला घरबसल्या वार-वेळ निवडता आली पाहिजे, आठवण करून देणारा मेसेज गेला पाहिजे, वेळ बदलता आली पाहिजे. म्हणजे नवीन एक साइटच. मी 'बघू, करून टाकू' म्हणायच्या बेतात होते. प्रकाशने वही उघडली आणि विचारलं, "का हवंय, डॉक्टर?" डॉक्टरांनी जग कुठे चाललंय त्यावर छोटंसं भाषण दिलं. प्रकाशने ते लिहिलं नाही, पुन्हा विचारलं. मग ते थोडे चिडले. आणि मग म्हणाले, की दवाखान्यात फोन घेणाऱ्या लताबाई पुढच्या महिन्यात काम सोडतायत. कोणाला सुईची भीती वाटते, कोणाचा नवरा वारलाय, कोणाला सकाळची वेळ चालत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात... त्या गेल्यावर आपलं कसं होणार. प्रकाश म्हणाला, हे वेबसाइटमध्ये बसणार नाही, लताबाईंना जायच्या आधी एक वही लिहायला सांगा. साइटवर दवाखान्याचा फोन नंबर तेवढा वर आणि ठळक केला आणि काम संपलं. बदलवहीत 'का'च्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: लताबाई जाणार, भीती वाटते. वेबसाइटच्या कामाच्या वहीत 'भीती' हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला. डॉक्टर पुढे आमचे कायमचे गिऱ्हाईक झाले, माझी अक्कलदाढही त्यांनीच काढली.

माझा स्वभाव नेमका उलटा. मला लोकांना खूश करायला आवडतं. समोरचा माणूस आशेने बघायला लागला की माझ्या तोंडून 'हो' निघालंच. अंधेरीच्या एका बालवाडीच्या कामात प्रकाश गावाला गेला होता आणि मी मुख्याध्यापिकाबाईंना सात वेळा हो म्हटलं. फुलपाखरं उडाली पाहिजेत, हो. प्रत्येक बाईंच्या आवाजात एकेक गोष्ट पाहिजे, हो. त्या मला 'गुणाची मुलगी' म्हणायच्या आणि मीही फुलून जायची. साइट उघडायला दीड महिना उशीर झाला आणि तोवर प्रवेश होऊन गेले होते. ज्या बाई मला गुणाची म्हणत होत्या त्यांनीच आम्हाला समोर उभं करून असं काही झाडलं, की मला शाळेतल्या बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. प्रकाशने सगळं स्वतःवर घेतलं, तो तर त्या वेळी मुंबईतही नव्हता. परत येताना आम्ही रिक्षात बसलो. तो म्हणाला, "मेधा, तू त्यांना एकदाही नाही म्हणाली नाहीस. पण शेवटी त्यांना काय मिळालं? 'नाही'च मिळालं ना?"

त्यानंतर मी नाही म्हणायला शिकले. आणि उशिरा शिकलेलं माणूस जरा जास्तच शिकतं. मी वही काढायची, तारीख घालायची, मागणी लिहायची आणि प्रकाशच्याच शब्दांत म्हणायची, सह्या झाल्यात, दुसऱ्या टप्प्यात बघू. हळूहळू 'का'च्या रकान्यात मी नुसती एक आडवी रेघ मारायला लागले. प्रकाशच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणालाही, की रेघ मारण्यापेक्षा विचारायला वेळ कमी लागतो. मी म्हटलं, तुझ्यासारखा वेळ मला नाही. हळदवाल्याला मी कारण विचारलं ते या सगळ्यानंतर, प्रकाश आजारी पडल्यावर. तेव्हा शहाणपण सुचलं होतं. ज्याला विचारायला हवं होतं त्याला मात्र विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्याच्या गावच्या मंडळाचं काम आलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, मंडळी रागावतील. मालवणाकडचं गाव, पण निम्मं गाव मुंबईत: दहिसर, बोरिवली, थोडे गोवंडीला. मंडळ जुनं आहे, गिरण्यांच्या काळातलं. त्यांना मुंबईत राहणाऱ्या सगळ्या घरांची एक यादी वेबसाइटवर हवी होती, कोण कुठल्या वाडीचं, कुठे राहतं, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. प्रकाशने काम घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "हे माझ्याच्याने नाय होणार. तिथे मी घाड्यांचा पोरगा. कोण काका, कोण मामा. मी कुणाला नाय म्हणू? तू परकी आहेस, तू म्हण." मला गंमत वाटली. बिल्डरांच्या माणसांना थंडपणे नकार देणारा हा माणूस गाववाल्यांपुढे घाबरत होता.

रविवारी सकाळी दहिसरच्या एका शाळेत बैठक व्हायची. पोरांच्या बुटक्या बाकांवर ते सगळे पोक्त लोक गुडघे हनुवटीला लावून बसायचे आणि माझ्यापुढे मागण्या ठेवायचे. प्रत्येक पानावर देवळाचा फोटो. देवळाचा फोटो असेल तर आमच्या वाडीच्या मारुतीचाही. भजनं ऐकू आली पाहिजेत. एसटीच्या वेळा. साप चावल्यावर काय करायचं त्याची माहिती. कोणाच्या तरी नातवाचा नाच. बैठक संपली की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली उरलेल्या मागण्या यायच्या. मी वही घेऊन एकेकाला नाही म्हणत गेले. अध्यक्ष, वयाने सत्तरीचे, मला 'मास्तरीण' म्हणायला लागले. शेवटी यादी ठरली. एक साधा फॉर्म: कुटुंबप्रमुखाचं नाव, वाडी, पत्ता, फोन, खाली इतर सदस्य आणि त्यांचं प्रमुखाशी नातं, आणि शेवटी माहिती देणाऱ्याचं नाव आणि तारीख. सगळ्या कार्यकारिणीने 'हरकत नाही' लिहून सह्या केल्या. सगळ्यात शेवटी प्रकाशने, गावकरी म्हणून.

फॉर्म भरून यायला लागले. दोनशेच्या वर घरं झाली. मुंबईभर पसरलेल्या लोकांना गाठून, फोन करकरून, आडनावांच्या चुका दुरुस्त करून आम्ही ते चढवत होतो. वार्षिक सभेला साइट उघडायची ठरली होती, तीन आठवडे उरले होते. एका दुपारी प्रकाश माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो बारीक झाला होता. विचारलं की ॲसिडिटी म्हणायचा आणि मी मानायची.

"मेधा, मंडळाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा होता."

"कसला?"

"घरातल्या बाईचा. म्हणजे खाली सदस्यांत नको... वरती, वेगळा."

मी स्क्रीनवरून मान न वळवता त्याला सांगितलं, की दोनशे घरांना परत फोन करावे लागतील. तो म्हणाला, हो, ते आहेच. मी म्हटलं, सह्या झाल्यात आणि तूही केलीयस. तो म्हणाला, केलीय. मग मी त्याच्याकडे वळले आणि त्याचंच वाक्य, त्याच्याच आवाजात त्याला ऐकवलं: "दुसऱ्या टप्प्यात घालू रे. आत्ता नाही."

तो हसला आणि म्हणाला, "बरोबर." वही घेतली, स्वतःच नोंद केली, बंद केली आणि जागेवर ठेवली. मी परत कामाला लागले. त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आज मी साक्षात प्रकाशला नाही म्हटलं. तोही म्हणाला, "शिकलीस म्हणायची." आम्ही दोघं हसलो. आता ते हसणं आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

पुढचं सगळं भराभर झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, शेवटच्या टप्प्यात लक्षात आलेला. त्याला आधीच कळलं होतं. माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हाही माहीत होतं, हे मला नंतर रिपोर्टवरच्या तारखेवरून कळलं. बोरिवलीच्या हॉस्पिटलात मी जायची तेव्हा आक्का शेजारी स्टुलावर मोसंबं सोलत बसलेली असायची. माझ्या मनात ते दुसऱ्या टप्प्याचं वाक्य सलत होतं. विचारावं असं वाटायचं, की प्रकाश, तो रकाना तुला का हवा होता? पण आक्कासमोर कामाचं काय बोलायचं, आणि ज्याच्यापुढे आता दुसरा टप्पाच नाही त्याला हे कुठल्या तोंडाने विचारायचं? साइट ठरल्या दिवशी उघडली. दुसऱ्या दिवशी मी ती त्याला फोनवर दाखवली. अंगठ्याने तो हळूहळू खाली सरकत गेला, एका जागी थांबला, बराच वेळ बघत राहिला. मग फोन मला परत दिला आणि म्हणाला, "झकास." मला वाटलं, माझ्या रंगांना म्हणाला. पाच दिवसांनी तो गेला.

तेराव्यानंतर ऑफिसात गेले आणि बदलवही उघडली. ती नोंद सापडली. तारीख. मागणारा: प्रकाश घाडी. मागणी: घरातल्या बाईचं नाव, वर, वेगळं. उत्तर: नाही (मेधा), आणि पुढे त्याच्याच अक्षरात, 'बरोबर आहे'. आणि मधला 'का'चा रुंद रकाना कोरा. माझ्यासारखी रेघही त्याने मारली नव्हती. त्या रकान्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं असतं आणि प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मला वाटतं, यात त्याचा टोमणा नव्हता. तो वहीशी कधी खोटं बोलला नाही, एवढंच. पण मी त्या कोऱ्या जागेकडे बघत किती वेळ बसले कोण जाणे. सगळ्या जगाला कारण विचारणाऱ्या माणसाला मी कारण विचारलं नाही. त्याच्याकडून नकार तेवढा शिकले आणि तोच उचलून त्याच्या तोंडावर मारला.

गेल्या आठवड्यात दहिसरला गेले. प्रकाशचं काही सामान ऑफिसात राहिलं होतं, त्याचा डबा, एक स्वेटर, ते आक्काला द्यायचं होतं. दोन खोल्यांचं घर, फार नीटनेटकं. त्याच्या खाटेवर तिने आता वाळलेले कपडे घड्या करून ठेवले होते. तिने चहा केला. मंडळातले लोक शोकसभा घेणार आहेत, असं तिच्या बोलण्यात आलं आणि मंडळाचा विषय निघाल्यावर ती हसली. म्हणाली, "त्येका पयल्यांदा मीच घेवन गेलंय थंय. आठवीत व्हतो. बापूस गेल्यार घराचा नाव चालू ऱ्हवाक होया तर पुरूस माणूस होयो, असा म्हणाले. मग गेलंय घेवन. हाफ पॅन्टीत. त्येणा सही केल्यान, आणि मी भायर बायकांवांगडा चाय करी होतंय."

मी विचारलं, मग?

"मग काय? घराक येवन माका म्हणता कसो, 'आक्का, घर तू चालवतंस, सही माझी कित्याक?' तेरा वर्साचो पोर. मी म्हटलंय, गप ऱ्हव, तसाच आसता."

मी कप खाली ठेवला. म्हणजे हे होतं कारण. तेरा वर्षांचा असताना मंडळाच्या यादीत तो घरचा प्रमुख झाला, आणि जिने त्याला वाढवलं तिचं नाव आजवर तिथे कुठेच नव्हतं. मरायच्या आधी त्याला ते तिथे हवं होतं. एक प्रश्न विचारला असता तर त्याने हे मला सांगितलं असतं, आणि मी दोनशे काय, दोन हजार घरांना फोन केले असते.  मी फोन काढला आणि आक्काला म्हटलं, तुम्हाला मंडळाची साइट दाखवते, प्रकाशचं शेवटचं काम आहे.

यादीत 'प्रकाश घाडी' सापडेना. कुटुंबप्रमुखांची नावं वर्णानुक्रमाने लावलेली आहेत, ती मीच लावली होती. 'प' मध्ये चार प्रकाश होते, हा नव्हता.  फॉर्म चढवताना आपल्याच हातून त्याचं घर गळलं, असंच वाटलं. मग मी वाडी निवडली, आडनाव टाकलं आणि खाली सरकत गेले. 'श' पाशी ते होतं.

कुटुंबप्रमुख: शेवंती घाडी. इतर सदस्य: प्रकाश घाडी. नातं: भाऊ. खाली माहिती देणाऱ्याचं नाव, प्रकाश घाडी, आणि तारीख. मी त्याला नाही म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

फॉर्ममध्ये एकही रकाना वाढवलेला नव्हता. कोणालाही परत फोन करावा लागला नव्हता. कुटुंबप्रमुख पुरुषच असला पाहिजे असं आम्ही कुठे लिहिलंच नव्हतं. दोनशे घरांनी न सांगता तसं धरलं होतं, मीही धरलं होतं. सह्या झालेल्या कागदाला धक्का न लावता त्याने आपलं काम करून टाकलं होतं. त्याला माझ्या होकाराची गरज पडली नाही, याने मला हलकं वाटलं आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मी फोन आक्काच्या हातात दिला. ती चौथी शिकलेली आहे, अक्षरं लावून लावून वाचते. "ह्या माझा नाव?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, घराचं पहिलं नाव. ती परत वाचायला लागली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"त्येचा वर घाल गो. पुरूस माणूस तो. माझा खाली चलात."

या वेळी मी विचारलं. "का, आक्का?"

"लोक हसतीत," ती म्हणाली.

ते काम दोन मिनिटांचं होतं. तिथल्या तिथे, त्या खाटेवर बसून झालं असतं. मी म्हटलं, "नाही होणार, आक्का. हे प्रकाशने भरलंय. त्याने लिहून बंद केलेल्यात मी बदल करत नाही."

"सोताच्या हातान लिवल्यान?"

"हो."

 बाहेर सावंतवहिनी कोणाशी तरी पाण्यावरून बोलत होत्या. मग आक्काने फोन डोळ्यांपासून लांब धरला, परत जवळ आणला.

"मग ऱ्हवांदे," ती म्हणाली. "पण अक्षरा जरा मोठी होतत काय गो? माका धड दिसणा नाय."

तिच्या हातातल्या फोनवर मी दोन बोटं ठेवली आणि अक्षरं मोठी करत गेले, स्क्रीनवर फक्त तिचं नाव उरेपर्यंत.